इमाम गजाली : सुखाच्या शोधातली अकरा वर्षे

रोजा ठेवताना नीयत करावी लागते. नीयत म्हणजे मनातला इरादा. दिवसभर उपाशी राहणे आजारी माणसालाही घडते, प्रवासात अडकलेल्यालाही घडते. पण त्याला कोणी रोजा म्हणत नाही. पोट दोघांचेही रिकामेच असते, फरक असतो तो इराद्याचा. नऊशे वर्षांपूर्वी इस्लामी जगातल्या एका फार मोठ्या विद्वानाला हा फरक स्वतःच्या आयुष्यात उमगला, तेव्हा त्यांची वाचाच बंद पडली होती. ते विद्वान म्हणजे इमाम अबू हामिद मुहम्मद गजाली (रह.).

त्यांचा जन्म हिजरी ४५० म्हणजे इसवी सन १०५८ च्या सुमारास खुरासानातल्या तूस शहरात झाला. आजच्या इराणमधील मशहदजवळ हे गाव होते. वडील लोकर कातून विकत. स्वतः शिकलेले नव्हते, पण विद्वानांच्या बैठकीत जाऊन बसायचे आणि आपल्या मुलांना इल्म मिळावे, अशी दुआ मागायचे, असे सांगतात. मरणापूर्वी त्यांनी गाठीचे थोडेसे पैसे एका सूफी मित्राकडे दिले आणि मुहम्मद व अहमद ही दोन्ही मुले त्याच्या हवाली केली. ते पैसे लवकरच संपले. मित्रही गरीबच. त्याने मुलांना मदरशात जायला सांगितले. तिथे शिक्षणाबरोबर जेवणाचीही सोय होती. आपण विद्येकडे वळलो ते अल्लाहसाठी नव्हे, पोटासाठी, हे पुढे गजालींनी मोकळेपणाने कबूल केले.

शिकण्यासाठी ते जुरजानला गेले. तिथून परतताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. गजालींच्या थैलीत वर्गात उतरवून घेतलेली टिपणे होती. ती तरी परत द्यावीत म्हणून ते टोळीच्या म्होरक्याच्या मागे गेले. कागद गेले की जी विद्या जाते ती विद्या कसली, असे म्हणून तो हसला आणि त्याने थैली परत दिली. गजालींना हा अल्लाहने दिलेला इशारा वाटला. तूसला पोहोचल्यावर त्यांनी तीन वर्षे खपून ती सगळी टिपणे पाठ केली.

पुढे निशापूरला इमामुल हरमैन जुवैनी यांच्यासारखा गुरू लाभला. १०८५ मध्ये गुरूंचे निधन झाल्यावर गजाली सेल्जुक सल्तनतीचा वजीर निजामुल मुल्क याच्या दरबारात गेले. तिथल्या वादविवादांत त्यांच्यासमोर कोणी टिकेना. १०९१ मध्ये वजिराने त्यांना बगदादच्या निजामिया मदरशाचे मुख्य अध्यापक नेमले. वय अवघे तेहतीस. समोर तीनशे विद्यार्थी, खलिफाच्या दरबारात मान, अंगावर उंची वस्त्रे, घरात सुबत्ता. तूसच्या लोकर कातणाऱ्याच्या पोराला यापेक्षा अधिक ते काय हवे होते?

पण दुसऱ्याच वर्षी, १०९२ च्या रमजान महिन्यात, निजामुल मुल्कची हत्या झाली. महिनाभरात सुलतान मलिकशाहही वारला. ज्यांच्या शब्दावर मोठे राज्य हलत होते ते दोघे पाहता पाहता गेले. या काळात गजाली तत्त्वज्ञानाचे ग्रंथ वाचत होते आणि सूफींचे लिखाणही चाळत होते. सूफींचे म्हणणे डोक्याला पटत होते. मात्र त्यांना एक गोष्ट ध्यानात आली. आरोग्य म्हणजे काय हे पुस्तकातून सांगता येणे वेगळे आणि निरोगी असणे वेगळे. समाधानाची व्याख्या त्यांना येत होती, समाधान मात्र जवळ नव्हते.

मग त्यांनी स्वतःची झडती घेतली. आपण शिकवतो ते कशासाठी? उत्तर टोचणारे होते. अल्लाहसाठी नव्हे, नावासाठी. लोकांनी वाहवा करावी यासाठी. सकाळी बगदाद सोडायचे ठरवावे आणि संध्याकाळी तो बेत ढिला पडावा, असे सहा महिने चालले. अखेर १०९५ मध्ये एक दिवस ते शिकवायला बसले आणि तोंडातून शब्दच फुटेना. अन्न उतरेना, पाण्याचा घोटही जड झाला. हकीमांनी हात टेकले. दुखणे मनात शिरले आहे, तिथला घोर हटल्याशिवाय शरीराला उतार पडणार नाही, असे त्यांनी सांगितले.

गजालींनी अल्लाहपुढे हात पसरले आणि मग सारे सोपे झाले. मुलाबाळांच्या गरजेपुरते ठेवून बाकीची संपत्ती त्यांनी वाटून टाकली. मदरशात आपल्या जागी भाऊ अहमद यांना बसवले. लोकांनी अडवू नये म्हणून मक्केला निघालो असे सांगितले आणि गाठले दमिश्क. तिथल्या उमय्या मशिदीच्या मिनारात दार लावून ते दिवस दिवस इबादतीत घालवत. तिथून जेरुसलेम, मग अल-खलील. प्रेषित इब्राहिम (अ.) यांच्या कबरीजवळ त्यांनी तीन गोष्टींचा निश्चय केला : कोणत्याही राजाच्या दारात जायचे नाही, राजाचा पैसा घ्यायचा नाही आणि जिंकण्यासाठी वाद घालायचा नाही. त्यानंतर हज आणि मदिनेची जियारत झाली.

इथे कथा संपली असती तर सुखासाठी घरदार सोडावे, एवढाच तिचा अर्थ झाला असता. पण गजालींना मुलांची ओढ घरी घेऊन आली. घर म्हटले की काळज्या आल्या, खर्च आला. एकांत पूर्वीसारखा निर्भेळ राहिला नाही, तरीही त्यांनी तो सोडला नाही. संसाराच्या धबडग्यातून जेवढा वेळ सापडे तेवढ्यात ते मन लावत. याच वर्षांत ‘इह्या उलूमुद्दीन’ हा त्यांचा चाळीस भागांचा अरबी ग्रंथ आकाराला आला. मग सामान्य माणसासाठी त्यांनी सोप्या फारसीत ‘कीमिया-ए-सआदत’ लिहिले. सआदत म्हणजे सुख, सौभाग्य. मराठीतला किमया हा शब्द याच कीमियाचा.

ही किमया स्वतःला ओळखण्यापासून सुरू होते, असे गजाली सांगतात. माणसाचे शरीर हे एक शहर आहे. हृदय त्याचा राजा, अक्कल त्याची वजीर, वासना म्हणजे वसुली करणारा अधिकारी आणि राग म्हणजे कोतवाल. वसुलीवाला आणि कोतवाल दोघेही शहराला लागतातच; पण ते वजिराचे ऐकेनासे झाले की शहराची धूळधाण होते. दुनियेबद्दलही त्यांचा दाखला असाच साधा आहे. हजला निघालेल्याने उंटाला चारा घालावा, पाणी पाजावे. पण उंट सजवण्यातच तो गुंतला तर काफिला पुढे निघून जातो आणि तो वाळवंटात एकटा उरतो.

रोजाविषयी लिहितानाही त्यांनी हाच धागा धरला. पोट आणि वासना आवरणे ही रोजाची पहिली पायरी. डोळे, जीभ, कान, हात, पाय यांना वाईटापासून रोखणे ही दुसरी. मन अल्लाहखेरीज सगळ्यांतून काढून घेणे ही तिसरी. दिवसभर जे खाल्ले नाही ते सारे इफ्तारला भरून काढणाऱ्यांना त्यांनी चांगलेच फटकारले आहे. भूक सोसून हाव वाढतच असेल, तर त्या भुकेतून मिळवले काय?

११०६ मध्ये निजामुल मुल्कचा मुलगा फखरुल मुल्क वजीर होता. त्याने गजालींना निशापूरच्या मदरशात शिकवण्याचा आग्रह केला. अकरा वर्षांनी ते पुन्हा मोठ्या मदरशात उभे राहिले. विषय जुनेच होते, पद तसेच होते. वरून पाहणाऱ्याला वाटले असते की गडी होता तिथेच परत आला. गजालींना तसे वाटत नव्हते. पूर्वी ते मोठेपणा मिळवण्याची विद्या शिकवत होते. आता मोठेपणाचा मोह ज्या विद्येने सुटतो ती शिकवू लागले. काम बदलले नव्हते. नीयत बदलली होती.

थोड्याच काळात ते तूसला परतले. घराशेजारी एक मदरसा आणि सूफींसाठी खानकाह उभारली. घरखर्चापुरते उत्पन्न होते, त्यात त्यांनी भागवले. बाहेरून देऊ केलेले धन घेतले नाही. दिवस कुरआन पठण, अध्यापन आणि भल्या माणसांच्या सहवासात वाटून दिलेला होता. ज्याला बगदाद अपुरे पडले होते, त्याला आता तूस पुरत होते.

डिसेंबर ११११ मध्ये एका सोमवारी पहाटे त्यांनी वजू केला, नमाज अदा केली आणि कफन मागवले. ते हातात घेऊन चुंबले, डोळ्यांना लावले, मालकाचा हुकूम मान्य असल्याचे सांगितले आणि किब्ल्याकडे तोंड करून ते आडवे झाले. ही हकिकत भाऊ अहमद यांनी सांगितली आहे. उजाडण्यापूर्वीच त्यांचा श्वास थांबला होता. वय होते त्रेपन्न.