वीस किलोंची एलिझाबेथ

इन्सुलिन सुरू करायचं म्हटलं की अनेक रुग्णांचा पहिला प्रश्न सुईबद्दल नसतो, वजनाबद्दल असतो. 'वजन वाढेल ना, डॉक्टर?' प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचं उत्तर शोधताना एलिझाबेथ ह्यूज या मुलीची गोष्ट माहीत असावी.

एलिझाबेथचा जन्म १९०७ सालचा. वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज तेव्हा न्यूयॉर्क राज्याचे राज्यपाल होते. पुढे ते अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री आणि सरन्यायाधीश झाले. घरात कशाचीच कमी नव्हती. १९१९ मध्ये, अकराव्या वर्षी, तिला सारखी तहान लागू लागली, वजन उतरू लागलं आणि निदान झालं मधुमेहाचं. लहान मुलांमधला हा मधुमेह म्हणजे तेव्हा वर्ष-दोन वर्षांत येणारा मृत्यूच होता.

त्या काळी डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांचा उपचार नावाजलेला होता. उपचार कसला, मोजूनमापून केलेली उपासमारच. लघवीत साखर दिसेनाशी होईपर्यंत अन्न कमी करत न्यायचं, आठवड्यातून एक दिवस उपास. भाज्यासुद्धा तीन-तीनदा उकळून, पाणी फेकून द्यायच्या, म्हणजे त्यातलं पिष्ट निघून जाईल. आज हे वाचून अंगावर काटा येतो, पण अ‍ॅलन क्रूर नव्हते. त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं आणि या उपायाने काही मुलं दोन-तीन वर्षं जास्त जगली, हेही खरं. एलिझाबेथ त्यांतलीच. आजारी पडली तेव्हा तिचं वजन ७५ पौंड, म्हणजे सुमारे ३४ किलो होतं. १९२२ च्या उन्हाळ्यात ते ४५ पौंडांवर, जेमतेम २० किलोंवर आलं. उंची पाच फुटांच्या आसपास, वय पंधराच्या उंबरठ्यावर.

दरम्यान, कॅनडात टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांच्या प्रयोगांतून इन्सुलिन मिळालं होतं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. एलिझाबेथच्या आईने बँटिंगना पत्र लिहिलं. आधी नकार आला, कारण औषध फारच थोडं होतं. ऑगस्टमध्ये मात्र ती टोरांटोला पोहोचली आणि इंजेक्शनं सुरू झाली. बँटिंगनी तिचा आहार झपाट्याने दोन हजार कॅलरींच्या वर नेला. तीन वर्षांनी तिच्या ताटात पाव आला, बटाटे आले. काही महिन्यांत वजन दुपटीच्या वर गेलं.

इथे थोडं शरीरशास्त्र. इन्सुलिन नसेल तर रक्तातली साखर पेशींना वापरता येत नाही. ती लघवीवाटे वाया जाते आणि शरीर स्वतःची चरबी, स्नायू जाळू लागतं. इन्सुलिन मिळालं की ही गळती थांबते. म्हणजे सुरुवातीला वाढलेलं वजन पुष्कळदा हरवलेलंच परत आलेलं असतं. त्यापुढेही ते चढत राहिलं, तर मात्र बघायला हवं. डोस गरजेपेक्षा जास्त होतोय का? साखर खाली जाण्याच्या भीतीने दर दोन तासांनी बिस्किटं खाल्ली जाताहेत का? टाइप २ च्या रुग्णांत इन्सुलिनबरोबर मेटफॉर्मिन चालू ठेवलं तर वाढ कमी होते आणि आता वजन उतरवणारी काही नवी औषधंही जोडीला देता येतात. हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. बारीक राहण्यासाठी स्वतःच इन्सुलिन चुकवणं हा मात्र थेट अ‍ॅलनपूर्व काळात परतण्याचा रस्ता आहे. टाइप १ मध्ये तर काही दिवसांत, कधी काही तासांतही, रक्तात कीटोन साचून जिवावर बेतू शकतं.

एलिझाबेथ बर्नार्ड कॉलेजातून १९२९ मध्ये पदवीधर झाल्या. पुढच्या वर्षी विल्यम गॉसेट या वकिलांशी लग्न झालं, तीन मुलं झाली. पण आजाराबद्दल त्यांनी जवळजवळ कोणालाच सांगितलं नाही. वडिलांच्या कागदपत्रांतूनही मधुमेहाचे उल्लेख त्यांनी काढून टाकले. (लग्न जुळेपर्यंत मुलीचं इन्सुलिन लपवणारी घरं आपल्याकडेही आहेत, त्यामुळे त्यांना दोष देववत नाही.) इन्सुलिनचा इतिहास लिहिणाऱ्या मायकेल ब्लिस यांना १९८० मध्ये कळलं, की ही प्रसिद्ध रुग्ण अजून हयात आहे, तेव्हा कुठे त्या बोलल्या.

१९८१ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांचं हृदयविकाराने निधन झालं. ५८ वर्षांत त्यांनी चाळीस हजारांहून जास्त इंजेक्शनं घेतली होती. टोरांटोहून आईला लिहिलेली त्यांची पत्रं मात्र नष्ट झाली नाहीत. ती तिथल्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहेत.