शिकवणं जमलं नाही, पण...

परदेशात व्हॉलंटिअरिंगसाठी फॉर्म भरताय? मग एग्लंटाइन जेब या बाईंबद्दल वाचाच. जन्म १८७६चा, इंग्लंडमधला. ऑक्सफर्डला इतिहास शिकल्या, गरीब मुलांना शिकवायचं म्हणून शाळेत नोकरी धरली आणि थोड्याच काळात सोडली. जमेचना! मुलांची तशी फार आवडही नव्हती.

१९१३ मध्ये मदतनिधीचे पैसे घेऊन त्या मॅसेडोनियात गेल्या. बाल्कन युद्धाने देशोधडीला लागलेली माणसं पाहिल्यावर त्यांना कळलं, नुसते पैसे वाटून हे भागणारं नाही.

पुढे पहिलं महायुद्ध संपलं, तरी दोस्त राष्ट्रांची नाकेबंदी उठली नव्हती. ऑस्ट्रिया, जर्मनीत मुलांची उपासमार होत होती. शत्रूच्या पोरांचा पुळका कुणाला येणार? जेबबाईंना आला. १९१९ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात त्यांनी उपाशी मुलाचा फोटो असलेली पत्रकं वाटली. सेन्सॉरची परवानगी नव्हती, अटक झाली. कोर्टात स्वतःची बाजू स्वतःच मांडली. दंड झाला ५ पौंड. आणि गंमत बघा, तेवढी रक्कम सरकारी वकिलानंच त्यांना देऊ केली! त्याच वर्षी बहीण डोरोथीसोबत त्यांनी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ सुरू केली.

पण दया आज असते, उद्या आटते. म्हणून त्यांनी मुलांच्या हक्कांचा पाच कलमी मसुदा लिहिला. संकटात पहिली मदत मुलांना, हे त्यातलंच एक कलम. १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने तो स्वीकारला. १९२८ मध्ये जिनिव्हात त्या गेल्या, वय अवघं ५२. संयुक्त राष्ट्रांचा १९८९चा बालहक्क करार त्याच वाटेवरचा. भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला.