मोटारीची ठिणगी वेळेवर आणणारे चार्ल्स केटरिंग

नोएडा, २५ नोव्हेंबर : जुनी फियाट, अ‍ॅम्बॅसेडर किंवा बुलेट जपणारे हौशी मालक अलीकडे इंजिनातील 'पॉइंट' काढून त्याजागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घेतात. पॉइंटची ही रचना मोटारीत रुजवणारे अमेरिकन अभियंते चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग यांचा आज स्मृतिदिन. १९५८ मध्ये ओहायो राज्यातील डेटन येथे त्यांचे निधन झाले.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायोतील लाउडनव्हिलजवळच्या एका शेतावर झाला. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांचे शिक्षण मध्येच सुटले. काही काळ त्यांनी दूरध्वनीच्या तारा ओढणाऱ्या तुकडीत काम केले आणि १९०४ मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी, ते विद्युत अभियंता झाले. पहिली महत्त्वाची नोकरी 'नॅशनल कॅश रजिस्टर' कंपनीत मिळाली. तिची आद्याक्षरे 'एनसीआर', म्हणजे नोएडा ज्या राजधानी क्षेत्रात येते त्याचीच, हा निव्वळ योगायोग. दुकानातील गल्लायंत्राला विजेची मोटर जोडण्याचे काम त्यांनी तेथे केले.

नोकरी सांभाळून संध्याकाळी सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागील कोठारात ते मोटारीच्या ठिणगीवर प्रयोग करीत. त्या काळच्या अनेक मोटारींत थरथरणारी कॉइल एका स्फोटासाठी ठिणग्यांची माळ सोडत असे आणि बॅटरी लवकर संपत असे. केटरिंग यांनी नेमक्या क्षणी एकच जोरदार ठिणगी पाडली. १९०९ मध्ये 'डेल्को' कंपनी उभी राहिली आणि १९१०च्या कॅडिलॅकमध्ये ही रचना आली. पुढे १९१२च्या कॅडिलॅकमध्ये त्यांचा विजेवर चालणारा सेल्फ स्टार्टर बसला व हँडल मारताना हात मोडून घेण्याचे दिवस सरू लागले.

रचनेचे तत्त्व साधे आहे. बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून वाहतो तेव्हा तिच्यात चुंबकीय क्षेत्र साठते. पॉइंट उघडताच प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगवर ठिणगी उडते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतो. साहजिकच त्याची टोके जळतात, कॅमवर घासणारा तुकडा झिजतो, सुमारे ०.४ मिलिमीटरची फट कमी होते आणि ठिणगीची वेळ चुकते. मग फीलर गेज आणि पॉलिश पेपर घेऊन बसावे लागते. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या मालकांना हे नव्याने सांगायला नको.

इलेक्ट्रॉनिक संचात डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर चुंबकाचे कडे बसते आणि त्याच्या इशाऱ्यावर ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. घासणारे काही उरत नाही. पण कॉइल तीच, तत्त्वही केटरिंग यांचेच. बदलते ते फक्त बटण. मात्र गाडीचे अर्थिंग धन आहे की ऋण, आणि कॉइलचा रोध संचाला मानवतो का, हे आधी पाहावे लागते. चुकल्यास मॉड्यूल जळते. डेल्कोची वारसदार 'डेल्को-रेमी' हिनेच १९६३च्या काही पॉन्टियॅक गाड्यांत पॉइंटविरहित इग्निशन दिले. केटरिंग यांना ते पाहायला मिळाले नाही.

त्यांच्या कर्तृत्वाला एक काळी बाजूही आहे आणि ती झाकणे योग्य नव्हे. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख असताना, १९२१ मध्ये, त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिसेयुक्त रसायन मिसळण्याचा मार्ग शोधला. केटरिंग त्याचे खंदे पुरस्कर्ते होते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात कामगार शिशाच्या विषबाधेने दगावले, तरी विक्री पुढे चालू राहिली. भारतात असे पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. जगातून ते हद्दपार व्हायला २०२१ उजाडले. याच केटरिंग यांनी १९४५ मध्ये आल्फ्रेड स्लोन यांच्यासह न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधन संस्था उभारली, हेही नोंदवले पाहिजे.

राजधानी क्षेत्रात १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन निर्बंध आले. इग्निशन बदलल्याने गाडीचे वय काही कमी होत नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते. म्हणून जाणते मेकॅनिक काढलेले पॉइंट व कंडेन्सर टाकून न देता डिकीत ठेवायला सांगतात. मॉड्यूल वाटेत बंद पडले, तर तेच पुन्हा बसवून घर गाठता येते.