जोतीरावांचा डावा हात

महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. मुलींची शाळा, अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद आणि सत्यशोधक समाज हे आपण शाळेत असल्यापासून वाचत आलो आहोत. या स्मरणिकेसाठी मला लिहावयाचे आहे ते त्यांच्या अखेरच्या सुमारे सव्वादोन वर्षांविषयी. ती वर्षे आजारपणाची होती. ज्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्या घराला त्या वर्षांतून पुष्कळ घेण्यासारखे आहे, असे मला वाटते.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच गेल्या आणि सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढविले. १८४० साली नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला. १८४८ साली पुण्यातील भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. १८६३ साली फसविल्या गेलेल्या विधवांसाठी आपल्या घरीच प्रसूतिगृह उघडले, आणि १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला. हे सारे करताना पोटासाठी ते ठेकेदारी करीत. खडकवासल्याच्या धरणाचे आणि कात्रजच्या बोगद्याचे काम त्यांनी घेतले होते. तरुणपणी लहुजी वस्तादांच्या तालमीत कमावलेले त्यांचे शरीर होते. बांधकामावर उन्हातान्हात उभे राहावे, घरी येऊन लिहावयास बसावे, असा त्यांचा क्रम. ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ ही पुस्तके त्यांनी याच धावपळीत लिहिली.

११ मे १८८८ रोजी मुंबईला मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी त्यांचा सत्कार करून त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. त्यांची साठी नुकतीच उलटली होती. त्यानंतर दोन महिन्यांतच, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. ज्या हाताने आयुष्यभर लिहिले तोच हात गेला.

पक्षाघात म्हणजे काय, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना घरच्या अनुभवाने ठाऊक असेल. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अडतो किंवा तेथील रक्तवाहिनी फुटते, आणि तो भाग ज्या अवयवांना हुकूम देतो ते अवयव निकामी होतात. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालविते, म्हणून डावीकडे इजा झाली की उजवा हात व पाय जातात. आज लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत रुग्ण योग्य इस्पितळात पोहोचला, तर रक्ताची गुठळी विरघळविण्याचे औषध अनेकांना देता येते. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर मालीश करीत बसू नये; ताबडतोब गाडी बोलवावी. जोतीरावांच्या वेळी यातले काहीच नव्हते. रक्तदाब मोजण्याचे दंडाला पट्टा बांधावयाचे यंत्रसुद्धा १८९६ साली निघाले. डॉक्टर विश्राम रामजी घोले हे त्यांचे स्नेही व सत्यशोधक समाजातील सहकारी. त्यांनी मनापासून उपचार केले. प्रकृतीला थोडा उतार पडला, परंतु उजवा हात काही परत आला नाही.

तेव्हा जोतीरावांनी लेखणी डाव्या हातात घेतली. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक त्यांना पुरे करावयाचे होते. झटका आल्यावर वर्ष उलटण्याच्या आत, १८८९ साली, ते त्यांनी डाव्या हाताने लिहून पुरे केले.

हे वाक्य लिहावयाला सोपे आहे. माझ्या यजमानांना सात वर्षांपूर्वी असाच झटका आला, म्हणून त्यातले कष्ट मला ठाऊक आहेत. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी एकोणतीस वर्षे लेथ चालविली. बोटांना सूतभर फरक कळत असे. त्याच माणसाला पुढे पाटीवर ‘अ’ काढताना घाम फुटे. कागद हलतो, कारण तो दाबून धरावयाला दुसरा हात नसतो. अक्षर भलतीकडेच कलते. चार ओळी झाल्या की डोके दुखू लागते आणि चिडचिड होते. बँकेत सहीऐवजी अंगठा उठवावा लागला, त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत. पाच महिन्यांनी डाव्या हाताने सही जमली आणि बँकेने नव्या सहीचा नमुना घेतला. ती एक सही साधावयाला आम्हाला पाच महिने लागले. जोतीरावांनी तर अख्खे पुस्तक लिहिले.

आणि पुस्तक तरी कसे? त्यात आजाराचे रडगाणे नाही. प्रश्नोत्तरांच्या रूपाने त्यांनी त्यात माणसाने माणसाशी कसे वागावे हे सांगितले आहे. स्त्री आणि पुरुष दोघांचे हक्क सारखे, एवढेच म्हणून ते थांबत नाहीत. आपल्याला नऊ महिने पोटात वागविणारी आणि लहानाचे मोठे करणारी स्त्रीच त्यांना श्रेष्ठ वाटते. विवाहादी विधी साधेपणाने कसे करावेत, हेही त्यांनी त्यात घातले आहे. ज्यांना दुसऱ्याच्या हाताने उठावे बसावे लागत होते, त्या माणसाने हे लिहिले, हे लक्षात ठेवून ते पुस्तक वाचावे.

घरातील निर्णयही त्यांनी आजारपणावर सोडून दिले नाहीत. एका विधवेचा मुलगा यशवंत यास त्यांनी दत्तक घेतले होते. त्याचा विवाह फेब्रुवारी १८८९ मध्ये हडपसरच्या सासने घराण्यातील मुलीशी सत्यशोधक पद्धतीने लागला. बाहेर त्यांचे सहकारीही थांबले नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांसाठी चालविलेल्या चळवळीला यश आले आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मंजूर झाली. आपल्या पिंपरी-भोसरीत कित्येक कारखान्यांची सुटी गुरुवारी असते. वार कोणताही असो, आठवड्याचा तो एक दिवस मिळविण्यासाठी झगडलेला माणूस जोतीरावांच्या तालमीतला होता.

पैशाची मात्र ओढ होती. मिळविले ते लोकांच्या कामी लागले होते, आणि आता कमावता हात थांबला होता. स्नेही मामा परमानंद यांनी १८९० साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून या कुटुंबाला मदत करावी अशी विनंती केली. मदत मिळाली, पण ती जोतीरावांच्या पश्चात.

या सव्वादोन वर्षांत ते घर सावित्रीबाईंनी सांभाळले. त्यांचे वय तेव्हा सत्तावन्न-अठ्ठावन्न. आजाऱ्याची सेवा म्हणजे नुसते औषध देणे नव्हे, हे मी तुम्हाला सांगावयाला नको. कूस बदलावी, पाठीला जखम होऊ नये म्हणून जपावे, भरवावे, अंग पुसावे, भेटीला येणाऱ्यांचे चहापाणी पाहावे, आणि रात्री खोकल्याच्या आवाजानेही उठून बसावे. जोतीरावांच्या डाव्या हाताचे कौतुक करताना त्यांच्या घरातील या दुसऱ्या दोन हातांचीही आठवण ठेवली पाहिजे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी पहाटे जोतीरावांनी देह ठेवला. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावयाचे यावरून भाऊबंदांनी दत्तकपुत्राला हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवे हातात घेऊन त्याच पुढे चालल्या. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पुढल्या वर्षी, १८९१ साली, ‘सार्वजनिक सत्यधर्म’ छापून निघाले. १८९३ साली सासवडला भरलेल्या सत्यशोधक समाजाच्या परिषदेचे अध्यक्षस्थान सावित्रीबाईंनी भूषविले. १८९७ साली प्लेगात, मुंढव्याच्या एका आजारी मुलाला डॉक्टर झालेल्या यशवंताच्या दवाखान्यात पोहोचविताना, त्यांना त्याच रोगाची लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

आजार पुष्कळ प्रकारचे असतात. पक्षाघात झटक्यासरशी येतो. मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार वेगळा: शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जू यांतील मज्जातंतूंचे आवरण खाते, आणि दृष्टी, तोल, हातापायांची शक्ती हळूहळू किंवा अधूनमधून दगा देते. तो बहुधा वीस ते चाळीस या ऐन उमेदीच्या वयात, आणि पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होतो. वरवर माणूस धडधाकट दिसतो, म्हणून अशा सुनेला आळशी ठरविले जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे, त्यांत हा आजारही आहे. रीतसर तपासणी होऊन ठराविक प्रमाणात अपंगत्व ठरले तर दाखला व सवलती मिळतात. आजार निराळे असले, तरी घरच्यांना पडणारा प्रश्न एकच असतो: या माणसाला आता नुसते जपून ठेवावयाचे, की त्याचे काम त्याला परत मिळवून द्यावयाचे?

जोतीरावांच्या घराने त्याचे उत्तर दिले आहे. आपल्या मंडळालाही ते देता येईल. आपल्या वस्तीत अशी किती घरे आहेत याची यादी आपणच करावी. आठवड्यातून दोन तास आपल्यातील एकीने त्या घरी जाऊन बसावे, म्हणजे सेवा करणाऱ्या बाईला बाजारहाट करता येईल, किंवा नुसती झोप काढता येईल. जाताना पाटी-पेन्सिल न्यावी, आणि आजाऱ्याला त्याच्या धंद्यातले काही विचारावे. मी स्वतः मंगळवारची दुपार या कामाला द्यावयास तयार आहे. शिवाय येत्या सहलीसाठी लांबचे ठिकाण न काढता पुण्याच्या गंज पेठेतील फुले वाड्याला जावे, अशी कार्यकारिणीला माझी विनंती आहे. जोतीरावांची समाधी तेथेच आहे. ज्या बायका घरच्या आजारपणामुळे दरवर्षी सहलीला मागे राहतात, त्यांच्या घरची पाळी त्या दिवशी कोणी घ्यावयाची, हे आधी ठरवू आणि मग बसगाडी सांगू.