खराटा आणि गाडगे : श्रीगाडगेबाबांचे चरित्र

वऱ्हाडात अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परिटाच्या घरी बाबांचा जन्म झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूपायी लवकर गेले, तेव्हा आई सखूबाई लेकराला घेऊन माहेरी दापुऱ्यास आली. डेबूजीने मामाची गुरे राखली, शेती कसली, आणि सावकार जमीन कशी गिळतो तेही डोळ्यांनी पाहिले. १९०५ साली घरदार सोडून ते निघाले. अंगावर चिंध्या, एका हाती खराटा, दुसऱ्या हाती फुटके गाडगे. तेच जेवायचे पात्र, तेच पाण्याचे भांडे.

बाबांची रीत अशी. गावात शिरले की कोणाशी बोलणे नाही. आधी खराटा चालू. रस्ते, गटारे, ओढ्याकाठची घाण, सगळे झाडून काढायचे. भाकरीची गोष्ट त्यानंतर. लोक वेडा म्हणून हसत, पण उन्हात एकटा म्हातारा राबतो आहे हे बघून पोरेसोरे सरसावत आणि पाठोपाठ थोरही. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन उभे राही. त्यात नवस, कोंबडी-बकरी, दारू, कर्ज आणि गावची घाण यांची वऱ्हाडी बोलीत अशी झाडाझडती होई की ऐकणारा आधी हसे, मग मान खाली घाली.

वारकरी बंधूंनो, आता आपल्या पंढरीचे ऐका. त्या काळी यात्रेला माणसांचा पूर लोटे आणि वाळवंटातच सगळे उरके. तीच घाण चंद्रभागेत उतरे, तेच पाणी आपण तीर्थ म्हणून पोटात घेत असू. पटकीचा जंतू रोग्याच्या मळातून पाण्यात जातो व पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात. मग यात्रा उठली की वारकऱ्याच्या पाठोपाठ पटकीही त्याच्या गावी पोचायची. बाबांना अक्षरओळख नव्हती, पण परिटाच्या घरी वाढलेल्या माणसाला मळ आणि पाणी यांचे नाते काय शिकवायचे! भक्त देवळाकडे धावत आणि बाबा वाळवंट झाडीत. देवळात ते जात नसत असे सांगतात. विठोबाला त्यात उणे वाटले असेल, असे काही आम्हांस वाटत नाही.

पुढे पैसा आला, तो त्यांनी स्वतःकडे ठेवला नाही. ऋणमोचनला पूर्णेकाठी घाट झाला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या. उघड्यावर पडणाऱ्या गरिबाला छप्पर मिळाले. पंढरपुरात अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या यात्रेकरूंसाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधविली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. शिष्य मात्र एकही केला नाही. पाया पडू देत नसत.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावनजीक बाबांनी देह ठेवला. समाधी अमरावतीस आहे. महाराष्ट्र सरकारने २०००-०१ साली त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा गावोगाव लोकांनी आपापल्या आळीत खराटे हाती घेतले.