हार्वे कुशिंग

हार्वे विल्यम्स कुशिंग (८ एप्रिल १८६९, क्लीव्हलँड, ओहायो – ७ ऑक्टोबर १९३९, न्यू हेवन, कनेक्टिकट) हे अमेरिकन शल्यचिकित्सक, संशोधक आणि लेखक होते. आधुनिक मेंदू-शल्यशास्त्राचे जनक म्हणून त्यांची गणना होते. मेंदूतील अर्बुदांचे निदान, वर्गीकरण आणि उपचार यांना त्यांनी शास्त्रीय शिस्त लावली. कुशिंग आजार हा पीयूषिका ग्रंथीचा विकार त्यांच्या नावाने ओळखला जातो.

जन्म आणि शिक्षण

कुशिंग हे दहा भावंडांतील सर्वांत धाकटे. त्यांचे वडील, आजोबा आणि पणजोबा हे तिघेही डॉक्टर होते. १८९१ मध्ये येल विद्यापीठातून पदवी घेतल्यावर त्यांनी हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला व १८९५ मध्ये ते डॉक्टर झाले. विद्यार्थिदशेत रुग्णाला ईथरची भूल देत असताना तो रुग्ण दगावला. या घटनेने ते हादरून गेले. वैद्यकीय शिक्षण सोडून देण्याचाही विचार त्यांच्या मनात आला. पुढे अर्नेस्ट कॉडमन या सहाध्यायाबरोबर त्यांनी भूल दिलेल्या रुग्णाची नाडी व श्वासोच्छ्वास यांची सतत नोंद ठेवणारे तक्ते तयार केले. शस्त्रक्रियेदरम्यान अशी नोंद ठेवण्याची आजची पद्धत या तक्त्यांतून विकसित झाली.

बाल्टिमोर येथील कारकीर्द

१८९६ मध्ये कुशिंग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांच्या हाताखाली रुजू झाले. ऊतकांना हळुवार हाताळणे आणि रक्तस्राव काटेकोरपणे थांबवणे ही हॉल्स्टेड यांची शिकवण त्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेत आणली. १९००–०१ या काळात त्यांनी युरोपात बर्न येथे थिओडोर कोखर आणि लिव्हरपूल येथे चार्ल्स शेरिंग्टन यांच्याकडे काम केले. इटलीतील पाव्हिया येथे त्यांनी रिव्हा-रोची यांचे रक्तदाब मोजण्याचे उपकरण पाहिले व ते अमेरिकेत आणून शस्त्रक्रियागृहात रूढ केले. १९०२ मध्ये त्यांचा कॅथरीन क्रोवेल यांच्याशी विवाह झाला. त्यांना पाच अपत्ये झाली.

त्या काळी कवटीच्या आतील गाठ दाखवणारी प्रतिमा मिळण्याची सोय नव्हती. डोकेदुखी, उलट्या, अंधूक होणारी दृष्टी, झटके किंवा एखाद्या अवयवातील दुबळेपणा यांवरूनच गाठीची जागा ताडावी लागे. गाठ सापडली तरी रक्तस्राव, मेंदूला येणारी सूज आणि जंतुसंसर्ग यांमुळे बरेच रुग्ण दगावत. कुशिंग यांनी दृष्टिक्षेत्राची बारकाईने तपासणी, तपशीलवार टिपणे आणि स्वतः काढलेली रेखाचित्रे यांच्या आधारे निदान अधिक अचूक केले.

१९१० मध्ये त्यांनी लेनर्ड वूड या सेनाधिकाऱ्याच्या मेंदूच्या आवरणातील गाठ दोन टप्प्यांत काढली. वूड बरे होऊन अमेरिकी लष्कराचे प्रमुख व पुढे फिलिपिन्सचे गव्हर्नर-जनरल झाले. गाठ पुन्हा वाढल्याने १९२७ मध्ये कुशिंग यांनी त्यांच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया केली. मात्र त्यानंतर काही तासांतच वूड यांचे निधन झाले. सौम्य गाठ समूळ निघाली नाही तर ती अनेक वर्षांनीही परत येऊ शकते, हे या प्रकरणातून दिसून आले.

बॉस्टन येथील कारकीर्द

१९१२ मध्ये पीयूषिका ग्रंथी व तिचे विकार यांवरील कुशिंग यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास ते बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात प्रमुख शल्यचिकित्सक आणि हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले. श्रवणचेतेच्या गाठींवरील त्यांचा ग्रंथ १९१७ मध्ये निघाला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील लष्करी रुग्णालयांत त्यांनी डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार केले.

मेंदूच्या आवरणातील गाठींसाठी मेनिंजिओमा ही संज्ञा त्यांनी १९२२ मध्ये रूढ केली. १९२६ मध्ये पर्सिव्हल बेली यांच्यासह त्यांनी ग्लायोमा या गटातील गाठींचे पेशींच्या रचनेनुसार वर्गीकरण प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा गाठीचा प्रकार आणि रुग्णाचे पुढील आयुर्मान यांचा संबंध या वर्गीकरणामुळे जोडता आला. त्याच वर्षी विल्यम बोव्ही यांच्या विद्युत उपकरणाचा वापर करून त्यांनी पूर्वी अशक्य वाटणाऱ्या गाठी काढण्यास सुरुवात केली. मेंदूच्या गाठींवरील शस्त्रक्रियांतील मृत्यूचे प्रमाण त्यांनी दहा टक्क्यांच्या आत आणले. एप्रिल १९३१ मध्ये त्यांनी निदान सिद्ध झालेल्या २,०००व्या गाठीवर शस्त्रक्रिया केली.

कुशिंग अत्यंत कडक शिस्तीचे होते आणि सहकाऱ्यांना त्यांचा धाक असे. १९२६ मध्ये त्यांचा थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात मरण पावला. ही बातमी समजल्यावरही त्यांनी त्या दिवशीची ठरलेली शस्त्रक्रिया पूर्ण केली.

लेखन

विल्यम ऑस्लर यांच्या चरित्रासाठी कुशिंग यांना १९२६ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. विकृतिशास्त्रज्ञ लुईस आयझेनहार्ट यांच्यासह लिहिलेला मेनिंजिओमावरील ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या नोंदी, छायाचित्रे आणि गाठींचे नमुने यांचा संग्रह जतन करण्यात आयझेनहार्ट यांचा मोठा वाटा होता. हा संग्रह आज येल विद्यापीठात आहे.

मृत्यू

हार्वर्डमधून निवृत्त झाल्यावर कुशिंग १९३३ मध्ये येल विद्यापीठात प्राध्यापक झाले. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्या मेंदूच्या तिसऱ्या पोकळीत कोलॉइड सिस्ट ही दुर्मीळ, सौम्य गाठ आढळली. अशी गाठ मेंदूतील द्रवाचा मार्ग अडवू शकते. आकाराने लहान असल्यास ती आयुष्यभर लक्षातही येत नाही.

भारताशी संबंध

कॅनडातील प्रसिद्ध मेंदू-शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड यांनी उमेदवारीच्या काळात कुशिंग यांच्या हाताखाली काम केले होते. पेनफिल्ड यांच्याकडे शिकलेले जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात भारतातील पहिला मेंदू-शल्यचिकित्सा विभाग सुरू केला. महाराष्ट्रात मेंदूच्या अर्बुदांवर उपचार करणाऱ्या संस्थांमध्ये परळचे टाटा स्मारक रुग्णालय आणि त्याच केंद्राची रायगड जिल्ह्यातील खारघर येथील ॲक्ट्रेक ही संस्था यांचा समावेश होतो. जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर तालुक्यांना परळपेक्षा खारघर जवळ पडते. एमआरआय, सूक्ष्मदर्शक शस्त्रक्रिया आणि गाठीतील जनुकीय बदलांची तपासणी ही साधने कुशिंग यांच्या काळात नव्हती. लक्षणांची काटेकोर नोंद, गाठीच्या ऊतकाची तपासणी आणि रुग्णाचा दीर्घकाळ पाठपुरावा हा त्यांनी घालून दिलेला क्रम मात्र आजच्या उपचारांतही कायम आहे.