शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन

लोहार एकच घाव शेंकडों वेळां घालतो, तेव्हां त्याचा हात दर वेळीं अगदीं त्याच मार्गानें जातो, असें आपणांस वाटतें. हा समज ज्यांनीं प्रयोगानें खोटा ठरविला, ते रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन होत.

त्यांचा जन्म १८९६ सालीं मॉस्को येथें झाला. वडील मानसरोगांचे वैद्य होते. पुत्रानेंही वैद्यकाचें शिक्षण घेतलें, सैन्यांत डॉक्टर म्हणून सेवा केली, आणि १९२२ सालीं मॉस्कोच्या मध्यवर्ती श्रमसंस्थेंत संशोधन आरंभिलें. त्यांनीं कसबी कामगाराच्या हातावर चिमुकले विजेचे दिवे बांधिले व हातोडा चालू असतां छायाचित्रें घेतलीं. घाव नेमक्या जागीं बसे; परंतु खांदा, कोपर व मनगट ह्यांचा मार्ग दर खेपेस थोडा निराळा असे!

ह्यावरून त्यांनीं असें अनुमान काढिलें कीं, मेंदू हालचालीचा ठसा जपून ठेवीत नाहीं. तो हेतु ध्यानांत धरितो आणि डोळे व स्नायू ह्यांजकडून येणाऱ्या वार्तेप्रमाणें क्षणोक्षणीं दुरुस्ती करितो.

हें मत पाव्हलॉव्ह ह्यांच्या सिद्धांताशीं जुळणारें नव्हतें. त्यांवर टीका करणारा बर्नस्टाइन ह्यांचा ग्रंथ छापण्याच्या बेतांत असतां १९३६ सालीं पाव्हलॉव्ह वारले. उत्तर देण्यास प्रतिपक्षीच उरला नाहीं, म्हणून बर्नस्टाइन ह्यांनीं तो ग्रंथ मागें घेतला. त्यांच्या १९४७ सालच्या दुसऱ्या ग्रंथास पुढील वर्षीं स्टालिन पारितोषिक मिळालें. परंतु लवकरच पाव्हलॉव्ह ह्यांचें मत हेंच सरकारमान्य ठरलें, आणि बर्नस्टाइन ह्यांची प्रयोगशाळा गेली. त्यांनीं मत बदललें नाहीं. घरीं बसून लेखन चालूं ठेविलें. १९६६ सालीं ते निवर्तले.

पुढें यंत्रमानव आले. अमेरिकेंत १९६१ सालीं कारखान्यांत बसविलेला पहिला यंत्रमानव ठरलेली हालचाल तेवढी करी. वस्तु जराशी सरकली तर त्याची पकड फुकट जाई. आतां संशोधक त्याचा हात धरून एखादी कृति दाखवितात आणि मुक्काम बदलला तर मार्गही बदलावा, अशी गणिती योजना त्यांत करितात. ह्या विद्येचे अभ्यासक बर्नस्टाइन ह्यांचें नांव आदरानें घेतात.

विद्यार्थिमित्रहो, पाठ केलेलें उदाहरण परीक्षेंत आंकडे बदलून आलें कीं आपण अडतों. रीत समजली असेल तर मात्र नवे आंकडे अडवीत नाहींत. सराव अवश्य करावा. परंतु दर खेपेस प्रश्न नव्यानें सोडवावा.